धुतलेलं कापड कोणाचं?

नर्सिंग होमची पारख करायची असेल, तर भिंतीवर टांगलेल्या डॉक्टरांच्या पदव्या वाचत बसू नये. खाटेवरच्या चादरीचा कोपरा उचलून नाकाशी न्यावा. सोड्याचा आणि उन्हाचा वास आला, तर खुशाल पेशंट दाखल करावा. फिनेलचा भपकारा आला, तर काहीतरी झाकलं जातंय असं समजावं. आणि केसाच्या तेलाचा वास आला, तर ती चादर कालच्या पेशंटची आहे, नुसती झटकून उलटी घातलेली. मी आजही कोणाला दवाखान्यात भेटायला गेले की आधी हेच करते. पेशंटची विचारपूस नंतर. घरचे लोक माझ्यावर चिडतात, पण सवय काही जात नाही.

माझी सगळी नोकरी नागपूरच्या धंतोलीतल्या एका बाळंतपणाच्या नर्सिंग होममध्ये झाली. नाव लिहीत नाही. तिथल्या डॉक्टर मॅडम आता नाहीत आणि ती इमारतही नाही. मी लागले ती आया म्हणून. पुढे मॅडमच्या लक्षात आलं की ही बाई पेशंटपेक्षा चादरीकडेच जास्त बघते, तेव्हा त्यांनी कपड्यांच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. तेव्हापासून मी सगळ्यांची 'चादरवाली बाई' झाले. माझं प्रमिला हे नाव फक्त मॅडमच्या तोंडी राहिलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, चादरी धुवायच्या आणि घालायच्या, त्यात काय एवढं? सांगते. एका खाटेला तीन जोड लागतात. एक खाटेवर, एक धुण्यात, एक कपाटात. पावसाळ्यात चौथा लागतो, कारण धुण्यातला जोड वाळतच नाही. बाळंतपणाच्या खाटेवर आधी गादी, मग रबराचं मेणकापड, मग आडवी चादर, आणि ती आडवी चादर दिवसातून कितीदा बदलावी लागेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. रक्ताच्या कापडाला आधी थंड पाणी. गरम पाणी लागलं की डाग कापडाशी लग्नच लावतो, मग सोडत नाही. बाळंतिणीच्या चादरीला खळ घालायची नाही, टोचते. आणि बाळाच्या दुपट्याला कधीही नवं कापड वापरायचं नाही. एक तर आपल्याकडे तान्ह्याला नवं घालत नाहीत, आणि दुसरं म्हणजे नव्या कापडाला माया नसते, ते अंगाला चिकटत नाही.

त्यामुळे माझ्याकडे चादर कधी मरत नसे. मधे विरली की मधोमध फाडायची, कडेचे चांगले भाग आत घेऊन शिवायचे, आणखी वर्षभर चालते. मग तिची आडवी चादर होते. मग दुपटी. मग लंगोट. शेवटी फरशी पुसायचं फडकं. मी पुनर्जन्म मानत नाही, पण चादरीचा मानते.

कपडे धुवायला नामदेव वरठी होता, वरठी म्हणजे आमच्याकडचा परीट. सायकलच्या कॅरिअरवर त्याच्या अंगापेक्षा मोठं गाठोडं बांधून यायचा. प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यावर बिब्याची खूण घालायचा, ती कापड फाटलं तरी जात नसे. नागपूरच्या उन्हाळ्यात त्याचं काम सोपं, दोरीवर दुसरी चादर टाकेपर्यंत पहिली वाळलेली. फक्त वावटळ आली की सगळं पुन्हा धुवायचं. पावसाळ्यात मात्र आम्हा दोघांचे हाल. एका वर्षी अशी झड लागली की त्याचं गाठोडं आलंच नाही. माझं कपाट रिकामं झालं. मी मॅडमच्या घरी गेले आणि त्यांच्या दिवाणावरच्या, पाहुण्यांच्या, सगळ्या फुलाफुलांच्या चादरी उचलून आणल्या. वॉर्ड असा दिसायला लागला की जणू कोणाचं लग्न आहे. ऊन पडल्यावर पांढऱ्या चादरी परत घालायला गेले तर एक बाळंतीण गुलाबाची चादर सोडेना. "राहू द्या नं बाई, एवढं छान वाटून राहिलं," म्हणाली. मॅडमनी ती चादर तिला दिली. मला ते पटलं नाही, कारण चादर दिली की जोड मोडतो. पण मॅडमपुढे काय बोलणार?

काही बायका आपला बिछाना घरून आणत. लकडगंजमधल्या एका लाकूड-व्यापाऱ्याची सून साटीनची गुळगुळीत चादर घेऊन आली होती. पहिल्याच दिवशी ती तीनदा खाटेवरून घसरत खाली आली आणि संध्याकाळी माझ्याकडे सुती चादर मागायला लागली. पण बिछाना आणणाऱ्या सगळ्याच शौकीन नसत. काहींच्या मनात एकच प्रश्न असायचा, की या चादरीवर आधी कोण झोपलं होतं? आणि तो प्रश्न नुसता रोगाचा नसायचा.

हे मला लगेच कळायचं, कारण आम्ही नागपुरातल्या इंदोरा वस्तीतले. छप्पन सालच्या दीक्षेला माझे आईवडील होते आणि परकर-पोलक्यातली मीही होते. नोकरीला लागले तेव्हा मी कोण हे वॉर्डात कळायला वेळ लागला नाही. गंमत अशी, की माझ्या हातचं पाणी न घेणाऱ्या बायका माझ्या हातच्या चादरीवर घोरत झोपत. एकदा मी नामदेवला याचं कारण विचारलं. तो बिडी विझवत म्हणाला, "बाई, एक डाव भट्टीतून निघालं का कापड कोणाचंच राह्यत नाई. म्हणून तं आमचा धंदा चालते."

मला हे बोलणं आवडलं होतं. पुढे एका म्हातारीनं ते खोटं पाडलं. तिचीच गोष्ट आज सांगायची आहे.

पारशिवनीकडच्या एका खेड्यातून इंदू नावाची मुलगी आली. दिवस भरत आलेले, पाय सुजलेले, रक्तदाब वाढलेला. मॅडमनी बाळंतपण होईपर्यंत तिला खाटेवरच ठेवायचं ठरवलं. नवरा तिला पोचवून गावी परतला, कापूस वेचायचे दिवस होते. सोबत सासू राहिली, कौसल्याबाई. उंच, हडकुळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मागच्या अंगणात पेशंटच्या नातेवाइकांसाठी एक पडवी होती, तिथे चूल मांडून राहायची. पाणी भरायच्या आधी नळाची तोटी राखेनं घासून घ्यायची. दिवसातून इतक्या वेळा की मला त्या तोटीची कीव यायची.

इंदूची आधीची दोन लेकरं गेली होती. दोन्ही गावात घरीच झालेली, चांगली सुदृढ. दूध प्यायची. मग आठवड्याच्या आसपास तोंड उघडेनाशी व्हायची, अंग ताठ व्हायचं आणि संपायचं. मॅडम म्हणाल्या, धनुर्वात. नाळ कशानं कापली, बेंबीवर काय लावलं, कोणतं फडकं बांधलं, यातून होतो. कौसल्याबाईच्या मते ते सटवाईचं काम होतं. तिची नजर या घरावर बसली आहे, आणि ती चुकवायला एकच उपाय.

एके सकाळी मी दुपटी घडी करत होते. कौसल्याबाई दारात येऊन उभी राहिली.

"बाई, तुमी कोन्त्या घरच्या वं?"

"आम्ही बौद्ध," मी म्हणाले.

"म्हंजे पहिलेचे..."

"पहिलेचं पहिले गेलं, आजी. आता बौद्ध."

आता ही दोन पावलं मागे सरकणार, असं मला वाटलं. अनुभव तसाच होता. पण तिचा चेहरा उजळला. "मंग तं कामच झालं वं माय!" म्हणाली आणि तिनं माझ्यासमोर पदर पसरला. "एक जुनेर वाढ माय. तुह्या घरचं. फाटकं चालते, मळकं चालते. धुतलेलं तेवढं नोको."

आजच्या मुलांना हे कळायचं नाही म्हणून सांगते. ज्या घरात लेकरं जगत नाहीत, त्या घरी नवीन लेकरू झालं की त्याला भीक मागून आणलेल्या कापडात गुंडाळायचं, अशी चाल होती. आणि ती भीक मागायची समाजानं सगळ्यात खाली ठेवलेल्या घरी. म्हणजे सटवाई फसते. हे लेकरू त्या चिंधीतलं, न्यायच्या लायकीचं नाही, असं समजून पुढे जाते.

मला हे पुस्तकातून कळलेलं नव्हतं. मी लहान असताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी अशी एक बाई येऊन उभी राहिलेली मी पाहिली होती. आजीनं घरातली चिंधी काढून दुरूनच तिच्याकडे फेकली होती. हातात द्यायची नसते म्हणे. त्या बाईनं ती उचलली आणि मागे न पाहता गेली. आमची चिंधी चालायची, आमचा हात नाही.

ते सगळं अंगावर आलं. मी म्हणाले, "आम्ही ते सोडलं आजी. देव सोडले, सटवाई सोडली, ही चालही सोडली."

"तुमी तिले सोडलं, म्हणून तं," कौसल्याबाई शांतपणे म्हणाली. "जे घर तिले मानतच नाई, त्या घरी ते कायले जाईन? मले तिथलंच कापड पाह्यजे."

हा युक्तिवाद मला आजपर्यंत खोडता आलेला नाही. मी "नाही" म्हणाले आणि कपाट बंद केलं.

दुपारी पाहते तर कौसल्याबाईनं पडवीतली गंज-वाट्यांची भांडी बांधायला घेतलेली. "कापड नाई तं इथं बाळंतपण नाई. गावाले जातो आमी." मागच्या खेपेलाही तिनं गावात कापड मागून आणलं होतं, तेच न धुतलेलं फडकं बाळाच्या बेंबीवर बांधलं होतं. ते लेकरू गेलं तेव्हा तिनं दोष फडक्याला दिला नाही, देणारीला दिला. "तिचं देयाचं मन नोतं," म्हणाली.

मी इंदूची चादर बदलायला गेले. पेशंट खाटेवर असताना चादर बदलायची म्हणजे त्याला एका कुशीवर वळवायचं, जुनी चादर पाठीपर्यंत गुंडाळायची, नवी अर्धी पसरायची, मग दुसऱ्या कुशीवर. इंदू माझ्याकडे वळली आणि तिनं माझ्या लुगड्याचा काठ मुठीत धरला.

"बाई, मले इथंच ठेवा," ती पुटपुटली. "मले घरी नाई जायाचं. तिथं हे बी जाईन."

सासूला ऐकू जाऊ नये म्हणून ती इतक्या हळू बोलत होती, की मला वाकून ऐकावं लागलं. मी तिची मूठ सोडवली. चादरीचा उरलेला अर्धा भाग पसरला.

मॅडमनी कौसल्याबाईला समजावलं, रागावल्या, बाहेरचं फडकं वॉर्डात चालणार नाही असं बजावलं. म्हातारी ऐकेना. मुलाला गाडी घेऊन ये म्हणून निरोपही तिनं धाडला. मग मॅडमनी मला बोलावलं. "प्रमिला, तू घरून कापड आण असं मी तुला सांगणार नाही. ते मागायचा मला हक्क नाही. ती पोर गावी गेली तर काय होईल, ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. एवढंच सांगते, आणलंस तर ते धुऊन, उकळून माझ्या ड्रममधून जाईल." ड्रम म्हणजे वाफेच्या यंत्रात कापडं निर्जंतुक करायला ठेवतात तो पत्र्याचा डबा.

नामदेवनं सोपा मार्ग सुचवला. "कपाटातली एखांदी चिंधी द्या नं घरची म्हणून. तिले काय कळते?" कळलं नसतं. पण ती चिंधी तिनं खालच्या घरची म्हणूनच घेतली असती, आणि मी तशीच दिली असती. खोटं बोलूनही खाली राहायचं आपणच, हा कुठला व्यवहार?

मी संध्याकाळी घरी गेले ते धुमसतच. आई माझ्याकडेच राहायची, माझी दोन्ही लेकरं तीच सांभाळायची. गिरणीत राबून राबून तिला कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून सगळं मोठ्यानं सांगावं लागलं आणि शेजारच्या घरालाही कळलं. आई भडकली. "आमी काय त्यायच्या इडापिडा टाकाचं गाडगं हाओ का वं?" भाकरी थापता थापता ती बोलत राहिली आणि भाकरीवर हात नको इतका जोरात पडत होता. माझं मन हलकं झालं. म्हटलं, चला, ठरलं.

मग तिनं एकदम विचारलं, "किती लेकरं गेली म्हनली?"

"दोन."

आईची भाकरी तव्यावर करपली. माझ्या आधी तिचाही एक मुलगा गेला होता, तान्हा. त्याच्याबद्दल ती कधीच बोलत नसे.

"घेऊन ये तिले," ती म्हणाली. "पन भीक मांगाले नाई. पावनी म्हनून आन. घरात बसन, चहा पेईन, मंग कापड नेईन. हातातून हातात."

दुसऱ्या दिवशी मी कौसल्याबाईला हे सांगितलं, मॅडमची उकळायची अटही सांगितली. ती पडवीच्या खांबाला टेकून बसली. म्हणाली, "पानी पेल्लं का पावनी झाली मी. पावनीले कोनी भीक देत नाई. मंग मांगनं कसं होईन, बाई?"

अडचण तिला माझ्यापेक्षा नीट कळली होती. तिच्यापुढे दोन भिंती होत्या. एक जातीची, ती तर होतीच. पण दुसरी तिच्यासाठी जास्त उंच होती. चहा प्याला की मागणं मोडतं, आणि मागणं मोडलं की लेकराचं रक्षण मोडतं. मी तिला म्हणाले, "आमच्याकडे यापेक्षा वेगळं मिळणार नाही, आजी." हे कठोर होतं, पण खरं होतं.

ती उठली, वॉर्डात गेली, इंदूच्या पायांवरून हात फिरवला. सूज तिला दिसत होती. परत आली आणि चपला घालून उभी राहिली.

सायकलरिक्षात ती अंग चोरून माझ्या शेजारी बसली. आमच्या दारात आल्यावर मात्र आत येईना. उंबऱ्याबाहेर उभी राहून तिनं पदर पसरलाच. "जुनेर वाढ वं माय..."

आई आतून आली. "पदर आवर," म्हणाली. "इथं कोनी भीक देत नाई. ये. बस."

कौसल्याबाई तशीच उभी. गल्लीतली माणसं पाहायला लागली. मला वाटलं, ही आता परत फिरणार, आणि खरं सांगते, एका मनानं मला तेच हवं होतं. मग तिनं पदर डोक्यावर घेतला आणि उंबरा ओलांडला.

आईनं चटई टाकली. दोघी समोरासमोर बसल्या. आईनं कपबशी पुढे केली. कौसल्याबाईनं बशीत चहा ओतला, डोळे मिटले आणि एका दमात पिऊन टाकला, कडू औषध प्यावं तसा. मग तोंड पुसलं, आणि रडायला लागली. चहासाठी की मोडलेल्या मागण्यासाठी की त्या दोन लेकरांसाठी, कोण जाणे. आई उठली, ट्रंक उघडली आणि एक घडी घेऊन आली.

ती पाहून मी उभीच राहिले. दीक्षेच्या दिवशी आईनं नेसलेलं पांढरं लुगडं होतं ते. वापरून विरलं तेव्हा तिनं त्याची दुपटी केली होती, माझी दोन्ही लेकरं त्यातच गुंडाळली गेली होती. उरलेलं तिनं जपून ठेवलं होतं.

"आई, हे?"

"लेकराईसाठीच ठेवलं होतं नं? मंग?" मग कौसल्याबाईकडे वळून तिनं ते कापड कोणत्या दिवसाचं हे सरळ सांगितलं. "आमी त्या दिवशी सारं खालचं सोडलं, बाई. हे खालच्या घरचं कापड नोहे. पायजे तं ने, नाई तं राहू दे."

कौसल्याबाईनं दोन्ही हात पुढे केले. आईनं कापड त्या हातांवर ठेवलं.

नर्सिंग होममध्ये मी ते स्वतः धुतलं. नामदेवकडे दिलं नाही, बिब्याची खूण करू दिली नाही. सोड्यात उकळलं, कडक उन्हात वाळवलं, दोन्ही बाजूंनी इस्त्री केली. कौसल्याबाई अंगणात बसून पाहत होती. "इतकं उकळलं तं त्याच्यात राह्यते काय, बाई?"

"काही राहत नाही. तेच तर पाहिजे."

"म्हंजे तुह्या मायनं देल्लं ते बी गेलं का?"

नामदेवचं ते भट्टीचं बोलणं मला आठवलं, आणि त्या दिवशी ते अपुरं वाटलं. मी कापडाची घडी केली आणि मॅडमच्या ड्रममध्ये ठेवायला गेले.

इंदूला मुलगी झाली. कौसल्याबाई म्हणाली, "पोरगी तं पोरगी. जगू दे." पण तिचं लक्ष तोंडाकडेच. बाळ दूध पिताना ही खाटेशी उकिडवी बसून त्याचे ओठ पाहायची. "मांगनं तं झालंच नाई," मला हळूच म्हणायची, "आता काय होते काय माईत."

घरी आईचं तेच. सटवाई मानत नाही म्हणणारी ती बाई रोज मी दारात पाय ठेवायच्या आत विचारायची, "पोरगी?" मी म्हणायची, "दूध पिते." मग ती आपल्या कामाला लागायची. ज्या दिवसांत आधीची लेकरं गेली ते दिवस जवळ आले, तशी मी स्वतः दुपटी बदलायच्या निमित्तानं पुन्हा पुन्हा त्या खाटेपाशी जायला लागले. मॅडमही राउंड झाल्यावर परत यायच्या. पोरगी मात्र आम्हा सगळ्यांवर चिडल्यासारखी घसा फोडून रडायची. त्या रडण्याचा इतका आनंद मला माझ्या लेकरांच्या वेळीही झाला नव्हता. ते दिवस गेले. पोरगी राहिली.

घरी सोडायच्या दिवशी गावाकडची माणसं आली. इंदूचा नवरा, दोन बायका, आणि कौसल्याबाईचे दीर, फेटा बांधलेले, गावात मान असलेले. त्यांनी नातीकडे पाहिलं, तिच्या अंगावरचं पांढरं कापड पाहिलं आणि सगळ्या वॉर्डासमोर विचारलं, "वहिनी, कापड कोणाच्या घरून मांगून आनलं?"

मी शेजारच्या खाटेची चादर ताणत होते. उत्तर काय येणार हे मला ठाऊक होतं. त्या प्रश्नाला एकच उत्तर असतं, आमच्या जुन्या नावाचं. ते ती सहज सांगेल, त्यात तिला काही वावगंही वाटणार नाही, आणि तिच्या माणसांना समाधान वाटेल. मी मान खाली घातली आणि चादरीचा कोपरा गादीखाली खोचत राहिले.

कौसल्याबाईनं नातीला छातीशी धरलं. डोक्यावरचा पदर नीट केला.

"मांगून नाई आनलं, भाऊजी," ती म्हणाली. "देल्लं त्यायनं. या बाईच्या मायनं. त्यायच्या घरी बसली मी, चहा पेल्ली आन् मंग घेतलं."

दीर तिच्याकडे पाहत राहिले. त्यांच्या तोंडावर राग होता की नवल, ते मला कळलं नाही. इंदूचा नवरा जमिनीकडे बघत होता. मागणं मोडलं हे तिनं आपल्या तोंडानं सांगितलं होतं. गावी गेल्यावर तिला हे किती ऐकावं लागणार, याची मला कल्पना होती, आणि पुढे पोरीला साधी शिंक आली तरी लोक तिच्याकडे बोट दाखवणार होते. तरी ती बोलली. माझे डोळे भरून आले आणि मला ते लपवता आले नाहीत.

संध्याकाळी मी आईला सगळं मोठ्यानं, शब्द न शब्द सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. कौसल्याबाईचं वाक्य तिनं माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मग तांदळातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"त्या दिवशी चहात साखर कमी पडली होती वं," ती म्हणाली. "घरात होतीच तेवढी. बोलली नाई बिचारी."